पाड

पाच पायऱ्यांचा तक्ता घेऊन मी आग्बेकोपेला उतरलो.
पहिली पायरी : सगळा कारभार तोंडातोंडी.
पाचवी : चुकीतून शिकणारी संस्था.
मधल्या तीन मला अजून नीट सांगता येत नाहीत,
पण माझी फी त्यांच्यावरच निघते.

पूल झालाय. वेळेआधी अडीच महिने.
कंपनीनं तसा फलकही लावलाय.
फक्त पलीकडच्या काठावर तो संपतो
कसाव्याच्या शेतावर, चार मीटर अधांतरी,
बोलता बोलता शब्द विसरलेल्या माणसासारखा.

पोचरस्ता सरकारचा. करारात तसं आहे,
पान दोनशे नऊ.
रस्ता नाही तोवर रोजची भरपाई कंपनीला,
पान दोनशे दहा.
पुलावरून अजून एक सायकल गेलेली नाही,
पैसे मात्र रोज जातात.

जोखमींची नोंदवही मागितली.
त्रेसष्ट ओळी, सुबक, रंगवलेल्या.
ओळ सतरा : पोचरस्त्याची जमीन. शक्यता : कमी. जबाबदार :
पुढे काही नाही.
ओळ अठरा : बर्फवृष्टी.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
व्होल्टावर ऊन असं, की बकऱ्यासुद्धा जीपखाली बसलेल्या.

संचालक दोत्से पाच वर्षांतले चौथे.
भला माणूस. म्हणाले, मी मेमध्ये आलो,
त्याआधीचं विचारू नका.
त्याआधीचे म्हणाले होते, मी ऑगस्टमध्ये आलो.

मग यायरा, नोंदी ठेवणारी,
कपाटामागून एक शाळकरी वही काढते. शिसपेन्सिलीतली.

*जमीन कागदावर राज्याची,
प्रत्यक्षात क्लू घराण्याच्या एकोणीस चुलींची.
थोरल्या बहिणीला कुणी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.*
*नवे साहेब. पुन्हा पहिल्यापासून.*
*थोरली बहीण म्हणते, रस्ता द्या, पण कबरी वळसा घालून.
नकाशावर अकरा मीटरचा फरक. साहेबांना सांगितलं.*
*नवे साहेब. पुन्हा पहिल्यापासून.*

अकरा मीटर.
हे तुम्ही कुणाला दाखवलं? मी विचारलं.
म्हणाली, तुम्हीच पहिले, ज्यांनी वही मागितली.
मी तर दुसरीच मागितली होती.

संध्याकाळी आक्र्याहून फोन :
तीन लिहा. हप्ता तीनवर सुटतो.
दोन लिहिलंत तर यांचं नाव खराब, आणि पुढचं काम
तुम्हालाही कोण देईल.
आवाजात धमकी नव्हती. थकवा होता.

धक्क्यावर आंबेवाली बसलेली.
यायरानं एक उचलला, देठाजवळ अंगठ्यानं हलकेच दाबला,
परत ठेवला. दुसरा दाबला.
पाड लागलाय, ती म्हणाली, अजून चार दिवस.
तिच्या भाषेत काय म्हणाली कोण जाणे,
मला मात्र हेच ऐकू आलं.
भट्टीत घालून पिवळा करता येतो.
खाताना कळतं.

एदुद्झीची होडी पुलाखालून जाते.
नवा पूल सुरू झाला की होडी बंद, पान तीनशे चार;
त्याला ठाऊक आहे, कसं ते ठाऊक नाही.
मधल्या खांबापाशी तो वल्हं थांबवतो,
सगळ्यांना घटकाभर सावलीत बसू देतो.
मी भाडं काढलं. किती?
दोन सेदी, तो म्हणाला. सावलीचे धरत नाही.

मांडीवर तक्ता. शेवटचा रकाना रिकामा.
पेन्सिलीसाठी त्यात जागाच नाही.
यायराची वही मी छातीशी धरली होती,
पाणी उडू नये म्हणून.