सोडलेलं बोट

ओटीभरणाला दोन दिवस होते.
नणंदेनं पाठवलेला कोन टेबलावर पडलेला,
काळाभोर, सोनेरी टोपणाचा.
दहा मिनिटांत रंग, पंधरा दिवस गॅरंटी.

हाजराबी कुर्ल्याच्या पाइप रोडवरून आल्या.
आमची लिफ्ट बंद. चार मजले चढून
पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधी
त्यांनी कोन उचलला, टोपण काढलं
आणि दूध नासलंय का बघतात
तसा नाकाशी धरला.

"घ्या, तुम्हीपण."
मी हुंगलं.
रविवारी बाबा आरशासमोर बसायचे,
खांद्यावर जुना टॉवेल, वाटीत कलप.
तोच वास.

"मेहंदी काळी नसते, बाई.
काळी दिसली की समजायचं,
पानात दुसरंच काही आहे."

मग त्यांनी डावी बाही कोपरापर्यंत सारली.
मनगटापासून वर चढलेली वेल,
कातडीहून फिकी, किंचित उठलेली.
मी बोट फिरवलं, पान न पान लागलं बोटाला.

"वांद्र्याला खुर्ची टाकून बसायचे तेव्हा.
गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला
स्वतःच्याच हातावर काढली, असल्याच कोनानं.
तिसऱ्या दिवशी फोड आले,
रेघेबाहेर एकही नाही.
सगळे म्हणायचे, टिकणारी काढ.
बघा, टिकली."

पोटात कुणीतरी कूस बदलली.
मी विचारलं, "आणि बाळाला?"
हाजराबी गप्प झाल्या. मग म्हणाल्या,
"ते मला नाही सांगता येणार. मला पानाचं कळतं.
आतलं तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारा."

घाटकोपरच्या पेडणेकर मॅडम फोनवर, घाईत:
"साधी पाल्याची ना? काढ.
काळीला हात लावू नकोस.
आणि नखं रंगवायची नाहीत,
तुझं हिमोग्लोबिन नऊवर आहे, विसरलीस?
मला नखं बघायची असतात.
एक बोट तर पूर्ण कोरं ठेव."

स्टीलचा डबा उघडला.
शेवाळासारखा हिरवा लगदा,
त्यात लिंबू, साखर, चहाचं पाणी.
"निलगिरीचं तेल घालते एरवी.
आज नाही घातलं. रंग हलका येईल, चालेल?"

तरी हातावर नाहीच काढली त्या दिवशी.
कोपराच्या आत रुपयाएवढा एक ठिपका देऊन
चप्पल घालून निघाल्या.
"उद्या खाजलं नाही, लाल झालं नाही,
तर फोन करा. नाहीतर करू नका,
मी समजेन."

रात्रभर मी त्या ठिपक्याकडे बघत होते,
पूर्वी परीक्षेच्या निकालाकडे बघायचे, तशी.

नाही खाजलं.

समारंभात सगळ्यांनी माझे हात पालथे करून पाहिले.
"गाजराच्या हलव्यासारखाच रंग की गं!"
सासूबाई म्हणाल्या, "रंग चढला तर नवऱ्याचं प्रेम..."
हाजराबी कोपऱ्यात बुंदीचा लाडू खात होत्या,
तिथूनच म्हणाल्या,
"माझ्या निकाहाला काळीकुट्ट चढली होती.
पुढचं विचारू नका."
सासूबाईंना इतकं हसू आलं
की ओटीतला नारळ घरंगळला.

आठ आठवड्यांनी, पहाटे साडेतीनला,
प्रसूतिगृहात पांढऱ्या दिव्याखाली
नर्सनं माझा हात ओढून घेतला.
वेल तर केव्हाच विरून गेलेली,
तळव्यात मात्र केशरी मळकट सावली उरलेली,
आणि पाच बोटांत एकच
वेगळं, कोरं, तर्जनी.
तिनं चिमटा लावला.
लाल ठिणगी बोटाआडून उजळली, आकडा आला:
अठ्ठ्याण्णव.

"हे एकच कसं सुटलं?" तिनं सहज विचारलं.

कळ येत होती. दातांवर दात ठेवून
मी म्हणाले, सुटलं नाही,
सोडलंय.