पाचाची टोपी

मकरपुऱ्याच्या अलीकडच्या सबस्टेशनात
ते रजिस्टर अजून तसंच आहे:
पानांवर कपाचे गोल, दोऱ्याने बांधलेलं पेन.
रात्रीचे दहा. मी डबा ठेवते, चार पुडांचा.
अप्पा आधी दहाचा आकडा लिहितात,
मग डब्याकडे वळतात.

जून-जुलैत सहा आठवडे मी डेन्मार्कला होते
शिष्यवृत्तीवर. म्हणजे अर्ध्या शिष्यवृत्तीवर.
उरलेले पैसे "सोसायटीतून काढले" म्हणाले होते अप्पा.

तिकडे वारा मोजतात.
आपल्याकडे वाऱ्यावर माणसाला सोडून देतात,
कुणाकुणाचा तर लागूसुद्धा देत नाहीत,
आणि वासरू जे पिऊन उधळतं तेही वारंच.
तिथे तो मेगावॅटमध्ये येतो,
उद्या किती वाजता, किती, हे आजच पडद्यावर;
आणि तरीही आला नाही की
सगळे खिडकीशी जाऊन झाडांकडे बघतात,
आपण बघतो तसेच.

प्रोजेक्ट होता: आपल्या शहराच्या विजेचा एक महिना काढा.
स्पेनच्या मुलाने तो चहा निवायच्या आत उतरवून घेतला.
मी अप्पांना मेसेज केला,
फीडर चारचे आकडे मिळतील का?

मग रोज एक फोटो.
किंचित तिरका, कोपऱ्यात अंगठा.
चोवीस ओळी, पाळीपाळीला सही.
मी बिंदू जोडत गेले.
सकाळी सातला पाण्याचे पंप,
नऊला कारखाने, दुपारभर एसी,
आठला टीव्ही, कुकर, इस्त्र्या, सगळं एकदम,
आणि पहाटे तीनला दरी,
अख्खं बडोदं आडवं.
नऊ तारखेला रेघ थेट शून्यावर.
शेऱ्यात लिहिलं होतं: वागोळ, एक नंग.
भलं मोठं वटवाघूळ, मी वर्गाला समजावलं.
वर्ग हसला. मीही.

रात्री साडेअकरा वाजले तरी
तिथल्या आभाळात ताकाच्या निवळीसारखा उजेड असायचा.
झोप यायची नाही. बडोद्यात तेव्हा तीन.
दरी.

बेन्टे नावाच्या आमच्या बाई, केस पांढरे, पायात रबरी बूट,
फोटो एकेक करून बघत होत्या.
इथे किती माणसं काम करतात?
तीन पाळ्या, तीन माणसं, मी म्हटलं.
मग, त्या म्हणाल्या, हा पाच एकाचाच कसा?

अप्पा पाच काढतात तेव्हा
आधी पोट, मग पेन उचलून टोपी,
थोडी लांब, डोक्यावर न बसलेली.
मी मागे मागे गेले. दोन जून. तीन जून.
रात्री अकरा ते सकाळी सात, ती टोपी.
दुपारी तीन ते रात्री अकरा,
सही परमारभाईंची,
पाच मात्र अप्पांचे.

आलेखावर हे कुठे दाखवायचं ते मला कळेना.
आडव्या अक्षावर तास होते, उभ्यावर अँपिअर.

शेवटच्या दिवशी कुणीतरी विचारलं,
अशा ऊर्जेला तुझ्या भाषेत काय म्हणतात?
अक्षय, मी सांगितलं. न संपणारी.
सगळ्यांनी एकेकदा म्हणून पाहिलं.
मी बाहेर जाऊन उभी राहिले,
पंख्याची सावली गवतावरून जात होती,
परत येत होती.

परत आल्यावर मी काही विचारलं नाही.
चार पुडांचा डबा कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक आहे.

"तिकडे रात्री ड्युटीवर कोण असतं गं?"
"कुणी नाही, अप्पा. आकडे आपोआप लिहिले जातात."
ते भाकरी मोडत विचार करतात.
"मग वागोळ बसली तर?"

अकराला पाच मिनिटं कमी.
काचेपलीकडे ट्रान्स्फॉर्मर एका सुरात गुणगुणतोय.
मी म्हणते, तुम्ही जरा पडा, आजचा अकराचा मी लिहिते.

"नको," ते म्हणतात, "अक्षर ओळखतात लोक,"
आणि पेनाचा दोरा
आपल्या बाजूला ओढून घेतात.