सोनेरी दोरा

आमच्या देशाला समुद्र नाही,
आरमार आहे.
हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या,
मग पुढचं सांगते.

तिकीनाच्या धक्क्यापासून चौथं दुकान माझं.
गणवेश शिवते, बटणं लावते,
मापाबाहेर गेलेल्या पोटांना
शिवणीत जागा करून देते
आणि कुणाला सांगत नाही.

निकानोर चाम्बी पहिल्यांदा आला
तेव्हा त्याची मिशी काळी होती.
म्हणाला, "दोन्या एर्मिनिया,
थोडा सोनेरी दोरा राखून ठेवा,
डिसेंबरात बढतीची यादी लागते."
राखला.
डिसेंबर आला, यादी लागली,
दोरा तसाच.

एका वर्षी पेपरात गेला.
एका वर्षी पाण्यात.
सरोवराचं पाणी इथं ऐन उन्हाळ्यातही हाडं चावतं;
चारशे मीटर पोहायचे होते,
तीनशे साठवर तो दोरीला धरून राहिला.
पुढं पास झाला, तर जागाच दोन.
आणि एकदा ला पाझमधल्या कुणा कारकुनानं
त्याचे कागद दुसऱ्याच चाम्बीच्या फायलीत लावले,
आणि तो दुसरा चाम्बी कधीच निवृत्त झालेला.
त्या वर्षी आम्हाला धड वाईटही वाटेना,
इतकं हसू येत होतं.

मधल्या वर्षांचं मला आठवत नाही.
त्याला आठवत असणार.

बेनिता, त्याची बायको, धक्क्यावर तळलेला ट्राउट विकते.
लोक विचारायचे, काय गं, आलं का नाव?
ती कढईतला मासा उलटायची.
"अजून कच्चा आहे," म्हणायची.
कशाबद्दल, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि तो वाल्दो.
भरती झाला तेव्हा पाण्याला भ्यायचा,
पठारावरचं, बटाट्याच्या शेतातलं पोर.
निकानोरनंच त्याला पहाटे पहाटे पाण्यात उतरवलं,
हनुवटीखाली तळहात धरून.
चार वर्षांपूर्वी वाल्दोची फीत मी शिवली.
दुसऱ्या दिवशी धक्क्यावर
निकानोरनं त्याला कडक सलाम ठोकला.
वाल्दोला कुठं बघावं कळेना.
मी दारातून बघत होते,
सुई बोटात गेली.

यंदा तो आला तेव्हा मी काही विचारलं नाही,
ती सवयच मोडली होती.
त्यानं टोपी काढली,
परेडचा कोट टेबलावर ठेवला, म्हणाला,
"दोरा आहे का अजून?"

होता.
अकरा वर्षांत जरासा काळवंडला होता.
नवा आणते म्हटलं,
नको म्हणाला.

जुनी फीत उसवायला घेतली.
टाके माझेच, बारीक,
तेव्हा डोळे चांगले होते.
फीत सुटली आणि खाली
कापड गडद निळं निघालं,
ठाणातून कापलं तेव्हा होतं तसं.
बाकी सगळा कोट उन्हानं राखेच्या रंगाचा,
तेवढा तुकडा मात्र
आत बसून राहिलेला.

नवी फीत थोडी अरुंद.
कडेनं निळी रेघ उरली.
"पट्टी लावून झाकू का?"
तो बराच वेळ बघत राहिला.
"असू द्या."
"आणि कुणी विचारलं तर?"
"सांगेन, आमचा समुद्र आहे."
मग स्वतःच लाजला,
पन्नाशीला आलेला माणूस,
आणि खिशातून बिअरची बाटली काढली.
पहिला घोट रिवाजाप्रमाणे जमिनीला.
दुसरा, मी नको नको म्हणेपर्यंत, बाहीवर.
अरे, डाग पडतो, मी ओरडले.
पडू दे म्हणाला.

मजुरी मी अकरा वर्षांपूर्वीचीच सांगितली.
त्यानंही घासाघीस केली.

उद्या सकाळी वाल्दो धक्क्यावर असेल.
दोघं आता बरोबरीचे,
हात आधी कुणाचा उठेल
याला नियम नाही म्हणतात.
मी दुकान जरा लवकर उघडणार आहे.