तिसरा रकाना

पाटीवर तीन रकाने होते :
कारण, कधीपासून, कधीपर्यंत.
पहिल्यात मी लिहिलं वादळ,
दुसऱ्यात शनिवारची तारीख.
तिसऱ्याशी हात थांबला.
मार्कर तसाही ओला झाला होता, असं मी लॉकीला सांगितलं.

केप ब्रेटनच्या या बाजूची आगगाडी बंद झाली
तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.
रूळ उपटून नेले, खडी राहिली,
खडीवर दगडाचा चुरा पसरून
गावानं चालायची वाट केली.
इंजिनाला दम लागू नये म्हणून बेतलेला तो उतार
पुढं गावाच्या गुडघ्यांना मानवला.
म्हातारी माणसं चढ चढायची
आणि त्यांना पत्ता नसायचा.

आम्ही दोघं, दोन करवती, थर्मास, मोजणीची वही.
पहिल्या मैलात आडवे स्प्रूस एकशे चौदा.
दुसऱ्या मैलात वही मिटली.
कुठला शेंडा कुठल्या खोडाचा
हे ठरवायला पंच बसवावे लागले असते.
लॉकी जन्मभर हेरिंगच्या बोटीवर.
म्हणाला, जाळं रिकामं केल्यासारखं दिसतंय,
फक्त तडफड नाही.

उपटलेल्या मुळांच्या भिंती
डोक्याच्यावर उभ्या, अजून टपटपणाऱ्या.
एकीत इंजिनाची काळी राख.
एकीत चमचा.
ओढ्यावर कठडा होता धरायला,
चालायला पूल नव्हता.

खाली वाकून पाहिलं तेव्हा
पाण्यात दिसलं सातव्या खांबाजवळचं बाकडं,
पाय वर करून.

सोमवारी साडेसातला मर्डीनाबाई आल्या.
वय एक्याऐंशी, खुब्यात धातूचा सांधा,
डॉक्टरांनी सांगितलेले रोजचे दोन मैल.
बँकेचं पत्र वाचावं तशी त्यांनी पाटी वाचली.
"तिसरा रकाना कोरा आहे."
"हो, बाई."
"चौथीतही तू असंच करायचास."

मग विचारलं,
"माझं बाकडं?"
मी म्हणालो, आहे.
का म्हणालो, ठाऊक नाही.
जीभ आधी गेली, मी मागून.

अडथळ्यापासून गाड्या लावायच्या जागेच्या टोकापर्यंत
बाईंची साठ पावलं.
त्या तेवढ्यातच चालू लागल्या, जाऊन येऊन.
मंगळवारी तीन पायांच्या कुत्र्याचा मालक आला,
बुधवारी रात्रपाळी संपवून
इस्पितळातल्या दोघी मल्याळी नर्सेस.
सगळे एकाच दिशेनं गोल फिरत होते,
कुणीही ठरवून न देता,
आणि लॉकीची करवत आत सुरू झाली की
थोडे हळू व्हायचे, कान लावून :
काल होती तिथंच आहे
की थोडी पुढं सरकली?

कुणीतरी कोऱ्या रकान्यात खडूनं लिहिलं : मंगळवारी?
दुसऱ्या दिवशी त्याखाली, दुसऱ्या हस्ताक्षरात : कुठल्या?
मी पुसलं नाही. पावसानंही
अर्धंच पुसलं.

ऑक्टोबर संपत आला. नवीन पुलाचे पैसे
हॅलिफॅक्सच्या कुठल्याशा टेबलावर आहेत म्हणतात.
मी रात्री शेडमध्ये असतो.
पडलेल्यातल्याच एका स्प्रूसची फळी,
पाच फूट दोन इंच, आठवणीवरून.
डाव्या हाताशी जरा खोलगट, तेही जमलं.
पण जुन्या बाकड्याच्या उजव्या टोकाला
एक खिळा वर आलेला असायचा,
उठताना बाईंचा कोट हमखास अडकायचा त्यात,
आणि त्या दर वेळी गेलिकमध्ये
त्याला काहीतरी सुनवायच्या,
जे आम्हाला शाळेत कधी शिकवलं नाही.

तो खिळा आता माझ्या चिमटीत आहे.
पुरा ठोकला तर बाईंना कळेल.
वर ठेवला
तरी कळेलच.