पाप

मोकपोतल्या पहिल्या सकाळी, जिन्यात,
घरमालकीणबाईंनी विचारलं, "पाप...?"
पुढचं कळलं नाही. पण तेवढा एक शब्द
मी स्वच्छ ऐकला
आणि कचऱ्याची पिशवी हातात धरून
मनातल्या मनात हिशेब लावला :
भाडं दिलंय. बूट काढलेत.
रात्री नळ जरा जोरात सोडला होता, तेवढंच.

पाप म्हणजे भात.
भात खाल्लात का, म्हणजे बऱ्या आहात ना.
हे समजायला तीन आठवडे गेले.
तोवर मी रोज जोरजोरात मान हलवून
पाप नाकारत होते,
आणि त्या रोज दारात
झाकलेली वाटी ठेवून जात होत्या.

दिवसभर इंग्रजी शिकवते.
खाली दातांचा दवाखाना, वर तायक्वांदो,
छतातून लाथा ऐकू येतात.
संध्याकाळी सातला मीच बाकावर,
महापालिकेच्या मोफत वर्गात.
शेजारी व्हिएतनामची थुई, सातवा महिना,
मागे गोदीतला शेरझोद, नखांत वेल्डिंगचं काळं.
श्रुतलेखन. वीसपैकी सहा.
लाल पेनाचा आवाज एवढा मोठा असतो
हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं.

क्रियापद शेवटी येतं, आमच्यासारखंच.
सगळं बोलून होईपर्यंत
'नाही' हातचं राखता येतं.
पण त्याला शेपूट लागतं समोरच्याच्या वयाचं.
मी एकदा मुख्याध्यापकांना म्हटलं, "ये, बस."
ते आले. बसले.

शनिवारी बाईंनी वर बोलावलं.
जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर
मांदेलीहून बारीक सुक्या मासळीचा ढीग.
डोकं मोडायचं, पोटातलं काळं नखाने काढायचं,
अंग एकीकडे.
हे काम भाषा मागत नाही, म्हणून जमलं.

तुमच्या नावाचा अर्थ काय, त्यांनी विचारलं.
बकुळा. करारपत्रावर त्याचं पाखुल्ला झालंय,
ळ कुठे उतरला कोण जाणे.
फूल, मी म्हटलं. लहान. नंतरही वास. खूप दिवस.
'सुकलेलं' येईना, तो धडा झाला नव्हता.
शेवटी ढिगातला एक मासा उचलला :
"हे जसं, तसं फूल."
त्यांनी मासा नाकाशी नेला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि अशा हसल्या की वर्तमानपत्र हललं,
डोकी फरशीभर सांडली.

डोकी गोळा करताना म्हणाल्या, मी माल-सुन.
माल म्हणजे शेवट.
चार मुलींनंतरची पाचवी. बाप म्हणाला, आता बास.
मग मुलगा झाला का,
एवढं मला विचारता आलं.
झाला. त्यांनी बोट वर केलं,
सोलकडे की आभाळाकडे, कळलं नाही.

आमच्या तिसरीच्या वर्गात एक होती.
बाई हजेरीत हाक मारायच्या, "नकुशी",
आणि ती उभी राहून "हजर" म्हणायची.
हे सांगायचं होतं.
पण 'नको'ला इथे काय म्हणतात?
आवडत नाही? लागत नाही? पुरे?
तिन्ही येत होते, तिन्ही चुकत होते.
मी नुसतं म्हटलं, "उरी-दो."
आमच्यातही. किंवा आपल्यातही.
दोन्हींना इथे तो एकच शब्द, उरी,
मला निवडावं लागलं नाही.

माल-सुनबाई बराच वेळ मासे मोडत राहिल्या.
हाताला वास, खिडकीत बंदराचा भोंगा.
मग वर न बघताच विचारलं,
या वेळी क्रियापदाचं शेपूट छाटून,
जसं घरातल्याला विचारतात :
पाप खाल्लंस का?

मी जेवून आले होते.
नाही, म्हटलं.