चिमूटभर

रात्री अडीचला टॉर्च मारला
तर टाकीच्या काचेवर, आतल्या बाजूने,
शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे हलत होते.
पांढरे. केसाएवढे.
कुणी वेलांटी गिरवत होता, कुणी उकार,
अक्षर कुठेच नाही.
डबी हातात तशीच राहिली.

सकाळी हेरंब म्हणाला, टँकरच्या पाण्यातून आले असणार,
धायरीत दुसरं काय येतं.
तात्या म्हणाले, त्या नव्या झाडामुळे,
बाजारातलं काहीही आधी मिठाच्या पाण्यात बुडवावं,
कोथिंबीरसुद्धा.
अन्वय मोजायला बसला. एकशे बारापर्यंत आला
आणि शाळेची व्हॅन आली.
लंकाबाईंनी पदर नाकाला लावला :
टाकी काढा ताई, घरात जंत बरं न्हवं.

धनकवडीला तांबोळींच्या दुकानात मी फोटो दाखवला.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, फोटो बोटांनी ताणला.
डोकं त्रिकोणी आहे का?
नाही.
मग घाबरू नका. त्रिकोणी डोक्याचा वेगळा, तो कोळंबीची अंडी खातो,
त्याला रात्री बाटलीत मांसाचा तुकडा ठेवून पकडावं लागतं.
हे साधे. हे कुठून येत नाहीत,
खडीत असतातच. नेहमी.
खाली अन्न कुजलं की वर येतात.
मी औषध मागितलं.
आधी सांगा, दिवसातून खायला किती वेळा?
एकदा, म्हटलं. रात्री नऊला. चिमूटभर.
गोड खात नाही म्हणणाऱ्या पेशंटकडे डॉक्टर बघतात
तसं त्यांनी बघितलं
आणि दोन हात पाइप कापून दिला.

रविवारी हेरंबने पाइप तोंडाने ओढला,
एक घोट गिळलाच.
खडीत टोक खुपसलं की तपकिरी धूर उठायचा
आणि नळीतून बादलीत उतरायचा.
फुगून पावट्याएवढे झालेले दाणे.
भाकरीचा लगदा.
शेव, बारीक, दोन काड्या.
आणि साबुदाण्याचा एक अख्खा मोती.

बादलीभोवती आम्ही पाच जण.
तात्यांना एकदम आठवलं की गॅलरीत वाळत घातलंय काही.
लंकाबाईच आधी बोलल्या :
मुक्या जिवाच्या तोंडाकडं बघत घास कसा उतरायचा, तुम्हीच सांगा.
शेव कुणाची हे विचारावं लागलं नाही.
हेरंब म्हणाला, सकाळी निघताना मीही घालतो थोडं,
ते काचेच्या टोकापर्यंत सोडायला येतात.
दुसरं कुणी येत नाही, असं तो म्हणाला नाही.
मी नळीकडे बघत राहिले.

माझं मी सांगितलंच नाही :
झोप उडाली की मी उठते,
स्वयंपाकघरापर्यंत जाते, फ्रीज उघडून मिटते,
आणि मग यांच्यासमोर उभी राहते.
मला बघून धावत येणारे
या घरात त्या वेळी तेवढेच जागे असतात.
चिमूटभर म्हणजे किती, हे अंधारात कळत नाही.

बादल्या जास्वंदीला गेल्या.
डबी कपाटात, किल्ली तात्यांच्या जानव्याला.
दर गुरुवारी माशांना उपास,
हा तांबोळींचा हुकूम.
पहिल्या गुरुवारी लंकाबाई दिवसभर टाकीकडे पाठ करून झाडू मारत होत्या.

रात्री अडीच.
सवयीने आले. सगळे धावले काचेपाशी,
शेपट्या, डोळे, उघडी तोंडं.
मी रिकामी बोटं दाखवली.
थोडा वेळ वाट बघितली त्यांनी. मग
एका गप्पीने काचेवरचा दोरा टोकाला धरला
आणि शेवईसारखा ओढून घेतला आत.
मग दुसरा. मग कोपऱ्यातला तो लांबडा,
त्यावर दोघांची ओढाताण.
मला हसू आलं, मोठ्याने.

मागे स्लीपर वाजली.
हेरंब. डोळे चोळत. उजवी मूठ मिटलेली.
उघड, म्हटलं.
नऊलाच काढून ठेवलं होतं त्याने, तात्यांनी कुलूप लावायच्या आधी.
घामाने चिकटलं होतं तळहाताला.
आज नाही, म्हटलं.
बरं, म्हणाला,
पण ते आता ठेवावं कुठे, हे काही त्याला कळेना.