दोन डिग्री

श्रेणिक उपाध्ये, हळदीचे अडते,
मे महिन्यात गाडी घेऊन आले
आणि काचा खाली करून आतच बसून राहिले.
म्हणाले, दस्तगीर, नाक गेलं माझं.
डोळे मिटून सांगायचो, ही राजापुरी, ही सेलम.
आता सौद्याला उभा राहिलो तरी पेट्रोलच येतं पुढं.

एस्टीम, सन दोन हजार.
लिटरला चौदा द्यायची, आता आठ.
स्लोला खोकते. धूर काळा,
मागं भिंत असली की तिला तीट लावून जाते.
कुपवाडात प्लग बदलले, मिरजेत फिल्टर,
कोल्हापुराहून इंजेक्टर धुऊन आणले,
बिलांचा गठ्ठा डॅशबोर्डवर, रबर लावून.

प्लग काढला. तव्याचं बूड.
रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी उपसून हुंगली, कोरडी.
सायलेन्सरातला ऑक्सिजन सेन्सर
पॉइंट नऊ व्होल्टवर अडून बसलेला,
जास्त होतंय, जास्त होतंय,
एवढंच म्हणणं त्याचं, आणि खरं.
पण इंजिन गार असेतोवर कॉम्प्युटर त्याचं ऐकत नसतो.
रीतच आहे तशी. गार इंजिनाला आधी पाजायचं, मग विचारायचं.

आणि इंजिन गार कुठलं!
बॉनेटवर हात ठेववत नव्हता.
काटा मध्यावर, उपाध्ये बोट लावून दाखवत होते.
म्हटलं, काटा तुमच्यासाठी. त्याचा सेन्सर वेगळा.
कॉम्प्युटरला कोण काय सांगतंय ते बघू.

दुसऱ्या सेन्सरला मीटर लावला. तीनशे ओहम,
तापल्या इंजिनाचा बरोबर आकडा.
मग तीच वायर धरत धरत आत,
डॅशबोर्डखाली, पाठीवर झोपून, टॉर्च तोंडात.
कॉम्प्युटरच्या दारात मोजलं.
साडेपाच हजार.

साडेपाच हजार म्हणजे दोन डिग्री.
सांगलीच्या बेचाळीसच्या उन्हात
गाडीला वाटत होतं आपण आत्ताच उठलोय,
बाहेर बर्फ पडायच्या बेतात आहे.
म्हणून पीत होती बिचारी.
डॅशबोर्डवर दिवा लागला नाही,
कारण दोन डिग्री हा काही गुन्हा नव्हे.
तार तुटली असती तर बोंब मारली असती तिनं.
ही नुसती खोटं बोलत होती, पटेल इतकंच.

कपलर सोडवला. एक पिन हिरवी,
मोरचुदासारखी,
आणि खाचेत गाळ, वाळून पिठी झालेला.
नखावर घेऊन बाहेर आलो.
कृष्णेचा गाळ इथं कुणाला ओळख करून द्यावा लागत नाही.

एकोणीस साली पाणी कुठवर आलं होतं गाडीत?
चाकापर्यंत, ते म्हणाले. लगेच म्हणाले.
बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना हेच सांगत आलेत,
घरातही हेच.
मी नख तसंच धरून उभा.
समोरून एक टेम्पो गेला, मग एक सायकल.

सीटपर्यंत, ते म्हणाले.
ड्रायव्हर एकच होता. ट्रकातनं पोती काढली माधवनगरला.
हिला म्हटलं, थांब, येतो.
चार दिवसांनी आलो.
आणि पोती तरी कुठं सगळी वाचली,
भिजलेल्या हळदीचा वास कसा असतो, तुला सांगतो...
सांगितलं नाही.

पिन घासली, डाग दिला, कपलर बसवला,
बॅटरी पाच मिनिटं सोडून ठेवली, विसरू दे म्हणून.
चावी मारली. दोनदा खोकली,
मग स्लो अशी बसली
की बॉनेटवर विसरलेला माझा दहाचा पाना हलेना.
नळीला पांढरं फडकं धरलं.

तीनशे झाले.
आठ दिवसांनी या, म्हटलं, प्लग काढून बघू,
भाजलेल्या रव्याचा रंग यायला पाहिजे.
आणि नाक?
ते माझ्या मीटरवर येत नाही, साहेब.

ऐकत होते का कोण जाणे.
माझ्या भिंतीकडं बघत होते,
जिथं टायरांच्या मागं, खांद्याच्या वर, एक रेघ आहे.
दोनदा ऑइलपेंट मारलाय मी तिच्यावर.
येते परत.